स्मृतीचा जीर्णोद्धार

मेलेल्या माणसाविषयीं चांगलेंच बोलावें, असा संकेत बहुतेक सर्व समाजांत आढळतो. ग्रीस देशांतील सात शहाण्यांपैकीं कायलॉन याच्या नांवावर हें वचन सांगितलें जातें. आपल्याकडे रावणवधानंतर रामानें बिभीषणास जें सांगितलें, तेंही याच मासल्याचें म्हणून पुष्कळदां पुढें केलें जातें. परंतु बारकाईनें पाहिल्यास रामाचें म्हणणें निराळें आहे. वैर मरणाबरोबर संपतें, आतां याचे अंत्यसंस्कार कर, एवढेंच तो म्हणतो. रावण सज्जन होता असें तो म्हणत नाहीं. द्वेष सोडणें ही एक गोष्ट आणि खोटी स्तुति करणें ही दुसरी. या दोहोंतील अंतर शोकसभेंत सहसा कोणी राखीत नाहीं. तें राखावें कीं नाहीं, हा प्रश्न आम्हांस अलीकडे कांहीं काळ त्रास देत आहे.

तो आमच्यापुढें पुस्तकांतून आलेला नाहीं. नवी मुंबईंतील करावे या गांवीं राहणारे आमचे एक स्नेही गेल्या पावसाळ्यांत वारले. त्यांचें नांव येथें देत नाहीं. छापील नांवाचा त्यांस मोठा संकोच वाटे. एकाच कचेरींत शेजारशेजारच्या टेबलांशीं आमचीं वीस वर्षें गेलीं, आणि त्या वीस वर्षांत त्यांच्या तोंडून मोटारीखेरीज दुसरा विषय आम्हीं क्वचितच ऐकला असेल.

जुन्या मोटारींचा शोकीन म्हणतांच एखाद्या संस्थानिकाची चकचकीत मोटारखान्याची रांग डोळ्यांपुढें येते. आमच्या स्नेह्यांपाशीं एकच मोटार होती. सन १९५६ सालची फियाट ११००. म्हणजे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली ती बुटकी, गोल पाठीची गाडी, जिला मुंबईच्या लोकांनीं 'डुक्कर फियाट' असें नांव ठेवलें होतें. तिचीं पुढचीं दारें उलटीं उघडत, कारण त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस. गियरचा दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबावर. याच कुळांतली धाकटी बहीण म्हणजे पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली अशी शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, तेव्हां वृत्तपत्रांनीं तिच्यावर मोठे हृदयस्पर्शी मृत्युलेख लिहिले. जिच्या फाटक्या बैठकीवर आणि वर न चढणाऱ्या कांचेवर आपण वर्षानुवर्षें चिडचिड केली, ती एका रात्रींत मुंबईची लाडकी लेक झाली. आमच्या स्नेह्यांनीं ते सर्व लेख वाचले आणि एवढेंच म्हटलें, "आतां गुण गातात. क्लच-प्लेट कोणी विचारली नाहीं."

करावे हें खाडीकांठचें आगरी-कोळ्यांचें गांव. भातशेती, मासळी आणि आसपासचीं मिठागरें यांवर या पट्टीचें पिढ्यान् पिढ्या चाललें. सन १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि नव्या नगरासाठीं ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. पुढें जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेलें जासईचें आंदोलन, त्यांतील गोळीबार, पांच शेतकऱ्यांचे बळी आणि त्यानंतरची साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना, हा इतिहास त्या भागांतील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. आमच्या स्नेह्यांच्या घरचें शेतही त्यांतच गेलें. मोबदल्याचा जो हिस्सा त्यांच्या वांट्यास आला, त्यांतून त्यांनीं दादरच्या एका वृद्ध डॉक्टरांकडून ही मोटार विकत घेतली. गांवांत म्हण झाली: "शेत गेलं आणि डुक्कर आलं." तिच्यांत विनोद आहे, आणि विनोदाखालीं राग आहे. एवढी मोठी वस्तु हातची गेली असतां कोणी तीन-चार खेपा तिची किंमत मोजून आणलेलें लोखंडाचें खेळणें अंगणांत उभें करतो, हें शेजाऱ्यांस सहन होण्याजोगें नव्हतें.

जी वस्तु राखतां आली नाहीं तिच्या बदल्यांत राखतां येण्याजोगी एक वस्तु त्यांनीं धरली, असा अर्थ लावण्याचा मोह होतो. आम्हींही एकदां तो त्यांच्यापुढें मांडला. ते हंसले. "शेत असतें तरी घेतलीच असती. उलट शेत असतें तर दोन घेतल्या असत्या." मृतांविषयीं लिहितांना असे सुबक अर्थ फार लवकर सुचतात, म्हणून ही आठवण मुद्दाम नमूद करतों.

खाडीवरून येणारा खारा वारा मोटारीच्या पत्र्याचा वैरी. दारांच्या तळच्या कडा, चाकांवरचे पंखे, पायांखालचा पत्रा, हे सर्व कांहीं वर्षांत आंतून खाऊन जातें आणि वरून रंग मात्र शाबूत दिसतो. आमचे स्नेही दर रविवारीं सकाळीं गोड्या पाण्यानें तिचें अंग पुशीत, तळास ग्रीस लावीत. तरी चाळीस वर्षांत तिचा बराचसा पत्रा बदलला गेला. कार्ब्युरेटर चोरबाजारांतून आला, एक दार कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून, पिस्टन कोठून आले तें त्यांनीं कधीं नीट सांगितलें नाहीं. मग डॉक्टरांची ती मोटार राहिली काय? प्लुटार्कनें लिहिलें आहे कीं, अथेन्सच्या लोकांनीं थीसियसचें जहाज जपून ठेवलें, कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेले, आणि तत्त्वज्ञांस भांडणाला विषय मिळाला. आपल्याकडे नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास रथासंबंधीं हाच पेंच घातला: कणा म्हणजे रथ नव्हे, चाकें म्हणजे रथ नव्हे, आणि हीं सर्व वगळून उरणारा असा निराळा रथही नाहीं. हें आम्हीं एका रविवारीं मोठ्या उत्साहानें सांगितलें, तेव्हां त्यांनीं गाडीखालून हात काढून गांवाच्या एका दिशेस बोट दाखविलें. तिकडे टी. एस. चाणक्य ही नाविक शिक्षणाची संस्था आहे. टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप. १९२७ मध्यें 'डफरिन' या खऱ्याखुऱ्या जहाजावर सुरू झालेलें तें शिक्षण १९७२ मध्यें 'राजेंद्र' या जहाजावर गेलें, आणि १९९३ मध्यें करावे येथें किनाऱ्यावरच्या इमारतींत आलें. फळी बदलली, जहाज बदललें, शेवटीं पाणीही सुटलें. नांव नौकेचेंच राहिलें. "आमच्याकडे जहाजाचें घर झालें तरी कोणी भांडत नाहीं," ते म्हणाले आणि पुन्हा गाडीखालीं गेले.

त्यांस खरा वाद ठाऊक होता तो दुसराच. जुन्या वस्तूंच्या जगांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, वस्तु कारखान्यांतून निघाली त्याहूनही उजळ करा. दुसरा म्हणतो, जेवढें टिकलें आहे तेवढें टिकवा, चालण्यापुरती दुरुस्ती करा, आणि वयाच्या खुणा पुसूं नका. इमारतींसाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें एक सनद झाली. तींत असें आहे कीं, जेथें तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघानें २०१२ मध्यें ट्यूरिनच्या नांवानें अशीच सनद मान्य केली आणि नवें करण्यापेक्षां जुनें राखण्यास वरचें स्थान दिलें. आमच्या स्नेह्यांनीं या सनदा वाचल्या असतील असें वाटत नाहीं. परंतु गाडी बाहेरून दोनदां रंगवली तरी मागच्या डिकीच्या आंतला मूळ करडा-निळा रंग त्यांनीं कोणास खरवडूं दिला नाहीं. रंगाऱ्यानें विचारलें तेव्हां ते म्हणाले, "मूळ रंग कोणता होता, याला एक साक्षीदार पाहिजे."

त्यांच्या शोकसभेंत आम्हांस हा साक्षीदार आठवला. देवळाच्या सभामंडपांत माणसें बरीच जमलीं होतीं. एकामागून एक वक्ते उठले. ते अजातशत्रु होते. रागावणें त्यांस ठाऊक नव्हतें. त्यांची मोटार सगळ्या गांवाची होती, अर्ध्या रात्रीं कोणीही मागावी आणि त्यांनीं किल्ली पुढें करावी. ऐकतां ऐकतां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, कोणी परका गृहस्थ वारला आहे. आमचे स्नेही तापट होते. मोटारीच्या सुट्या भागांवाचून इतर सर्व खर्चांत ते चिक्कू होते. आणि मोटार ते कोणास देत नसत. सख्ख्या धाकट्या भावाच्या मुलाच्या वरातीसाठीं मागितली असतां, "पोरं टपावर चढतात" म्हणून त्यांनीं साफ नाकारली होती, आणि दोन्ही भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंस अकरा वर्षें अबोल राहिले होते.

शेवटीं त्या भावास बोलावयास सांगितलें. ते पुष्कळ वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "दादानं मला गाडी दिली नाय. माझ्या पोराच्या लग्नाला. मी अकरा वर्सं बोललो नाय त्याच्याशी. आणि हेच पोर जन्माला यायचं होतं त्या रात्री भर पावसात हिला वाशीला नेली, ती पण त्याच गाडीतून, दादानंच. आता काय सांगू." आणि खालीं बसले. सभेंत चुळबुळ झाली. कोणी एकानें घाईघाईनें पसायदान सुरू केलें. आम्हांस मात्र तास-दीड तासांत पहिल्यानेंच आमचे मित्र समोर दिसले.

येथें वाचक दोन हरकती घेतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिली अशी कीं, ज्या घरांत अजून सुतक फिटलें नाहीं तेथें सत्याची पाटी घेऊन बसणें हा निर्दयपणा होय. आम्हांस हें मान्य आहे. परंतु दयेला खोटें बोलावें लागत नाहीं. तिला गप्प बसतां येतें. सनदेचा नियम येथें उपयोगी पडतो: जेथें आपल्याला ठाऊक नाहीं, किंवा सांगवत नाहीं, तेथें थांबावें, रिकामी जागा रिकामी ठेवावी, तिच्यांत आपल्या कल्पनेचा पत्रा ठोकूं नये. शोकसभेंतील स्तुतीनें मृतास लाभ नाहीं, आणि घरच्यांस तर एक विचित्र हानि पोंचते. ज्या माणसाशीं त्या माउलीनें चाळीस वर्षें संसार केला, तो माणूस तिच्यापासून काढून घेऊन तिच्या हातीं एक तसबीर दिली जाते. ज्या भावाच्या छातींत राग आणि उपकार एकत्र रुतून बसले आहेत, त्यास सांगितलें जातें कीं, तुझा राग ज्यावर होता तो माणूस झालाच नाहीं. मग त्यानें क्षमा तरी कोणास करावी?

दुसरी हरकत याहून अवघड आहे. दोष सांगितले म्हणजेच खरें सांगितलें, असें कोठें आहे? थोर माणसांचीं चरित्रें खरवडून त्यांचा गंज काय तो बाजारांत मांडावा, ही आजची आवडती रीत. आणि तीही जीर्णोद्धाराइतकीच खोटी. पत्रा उघडा पाडणारा कारागीर गंजाबरोबर रंगही नेतो. सन २०२२ मध्यें वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप उतरविला गेला आणि मूळ स्वरूप दिसलें, तेव्हां अनेकांस आनंद झाला. आम्हांसही झाला. तरी तो शेंदूर म्हणजे खोटेपणा नव्हता. एकेका पिढीचा हात त्यांत होता. गांवकऱ्यांनीं आमच्या स्नेह्यांवर चढविलेला लेपही सगळाच लबाडीचा नसेल. त्यांतील कांहीं थर प्रेमाचे असतील, कांहीं थर आपल्याविषयींही लोकांनीं असेंच बोलावें या आशेचे. म्हणून लेप मुळींच नको असें आम्ही म्हणत नाहीं. डिकीच्या आंतली वीतभर जागा सोडावी, एवढेंच म्हणतों.

निर्जीव वस्तूवर इतका जीव लावावा काय, हाही प्रश्न उरतोच. वस्तूची निगा राखणारा माणसांचीही राखतो, असें उत्तर लोक देतात. तें आम्हांस पटत नाहीं. मोटारीच्या चामड्यास मलम चोळणारे आणि मोटार धुणाऱ्या पोऱ्यावर खेंकसणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. आमच्या स्नेह्यांची कन्या परवां म्हणाली, "बाबांचा रविवार गाडीचा. आमच्या वांट्याला शनिवारची संध्याकाळ." तिच्या आवाजांत तक्रार होती कीं नाहीं, हें आम्हांस नीट कळलें नाहीं. तो हिशेब जुळत नाहीं आणि आम्ही तो जुळवूं इच्छित नाहीं. एवढें मात्र खरें कीं, कोणत्या कारागिरानें कोणता भाग कोणत्या सालीं घडविला, हें त्यांस तोंडपाठ असे, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक माणसें वारलीं तरी त्यांचीं नांवें ते सहज वर्तमानकाळांत घेत. "हा बुश अमक्याचा आहे," असें म्हणत. 'होता' म्हणत नसत. कोणता कारागीर उधारी बुडवून पळाला, हेंही त्याच दमांत सांगत.

आतां त्या मोटारीचें काय करावें, हा घरांत वाद आहे. २०२१ मध्यें निघालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरची खासगी गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असल्यास 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. पाटीवर 'व्हीए' अशीं अक्षरें येतात आणि नित्याच्या वाहतुकीस ती वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरती रस्त्यावर आणतां येते. दरम्यान मुंबईचा एक व्यापारी येऊन गेला. कारखान्यांतून काल निघाल्यासारखी करून देतों, म्हणाला, आणि किंमतही बरी सांगितली. जांवई अनुकूल आहेत. कन्येनें आमचें मत विचारलें. ब्रेक आणि तळचा पत्रा अवश्य करावा, बाकीस हात लावूं नये, डिकीस तर नाहींच, असें आम्हीं कळविलें आहे. निर्णय व्हावयाचा आहे. तोंपर्यंत धाकटे बंधु दर रविवारीं भिंत ओलांडून येतात आणि दहा मिनिटें इंजिन चालवून ठेवतात. मागल्या खेपेस बॅटरी उतरली होती, तेव्हां त्यांनीं मुलाला हांक मारली, आणि ज्याच्या वरातीस ती मोटार मिळाली नव्हती त्यानें ती अंगणांतून रस्त्यापर्यंत ढकलत नेली.