जन्माने ठरलेला गुन्हा

आज 31 ऑगस्ट, विमुक्त दिन. आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुठे चोरी झाली की संशय पुष्कळदा आधी पारधी पिढीवर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, जातो. पुरावा नंतर शोधला जातो आणि गावाला त्यात वावगं वाटत नाही. ही नजर आपल्याला एका कायद्याने लावली.

1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसाने काय केलं हे विचारायचं कारणच उरलं नाही. तो कुणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे झालं. पोलिसांकडे हजेरी, हद्दीबाहेर जायला पास, आणि पुढे सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. पुढच्या दुरुस्त्यांनी लेकरांना आईबापांपासून तोडायची मुभाही दिली. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं; तिथेही असाच कायदा होता. 1952 साली आजच्याच तारखेला स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द केला आणि त्यातल्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने काळ्या माणसांना देशभर पास बाळगायची सक्ती करणारा कायदा केला. तिथल्या वर्णभेदाविरुद्ध भारत 1946 पासून संयुक्त राष्ट्रांत बोलत होता, याचा मला अभिमान आहे.

पण इथले पास गेले तरी माणसांची विभागणी राहिली. एका जमातीला जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा उरलेल्यांना जन्माने प्रामाणिक ठरवून टाकतो, आणि ते फुकटचं प्रमाणपत्र परत करावंसं कुणालाच वाटत नाही. म्हणून तर कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाल्यावर, ऑक्टोबर 2024 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगावं लागलं. विमुक्तांना मनमानी अटक करू नका, असं पोलिसांना बजावावं लागलं.

दाखल्यांच्या बाबतीतही तेच. फासेपारधी कुटुंबाने जमातीचा दाखला मागितला की 1950 पूर्वीचा पुरावा विचारला जातो. ज्यांना आपण कुठे टिकू दिलं नाही, त्यांनी जुना सातबारा आणायचा कुठून? आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठला? त्या काळात त्यांची नावं सरकारने लिहिली ती पोलिसांच्या हजेरीपटावर. आज सभागृहांत हारतुरे होतील. त्याऐवजी प्रांत आणि तहसीलदारांनी पिढीवर जावं, तिथेच बसून चौकशी करावी आणि दाखले हातात द्यावेत.