पास्क्वालेचा श्वास

विनोदी गाणं संपलेलं असतं, हसू अजून ओसरलेलं नसतं आणि शेजारचा माणूस गळ्याचा हिशेब मांडायला बसतो, तेव्हा मला राग येतो. आमचे एक स्नेही या हिशेबात पटाईत आहेत. तरुणपणी त्यांनी पाश्चात्त्य गायकीचे थोडे धडे घेतले. पुढे नोकरीत गाणं सुटलं, पण गाणाऱ्यांना गुण देणं सुटलं नाही. त्यांच्याकडे दोनिझेत्तीच्या ‘डॉन पास्क्वाले’चं ध्वनिचित्रमुद्रण पाहत होतो. तिसऱ्या अंकातलं ते प्रसिद्ध द्वंद्वगीत झालं, ‘चेती, चेती’. म्हातारा पास्क्वाले आणि डॉक्टर मालातेस्ता, दोघंही खालच्या पट्टीचे, बायकोला रात्री बागेत रंगेहाथ पकडायचा बेत आखतात, आणि शेवटी दोघांच्या जिभा अशा काही सुटतात की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. मी डोळे पुसत होतो. स्नेही म्हणाले, “धाकट्याचा लगाव चांगला आहे. म्हाताऱ्याला सपोर्ट नाही. लॅरिंक्स वर चढतोय बघा.”

कथानक सांगत बसत नाही. लग्नाला उतावळा झालेला म्हातारा, लुटुपुटूचं लग्न आणि सगळ्यांनी मिळून केलेली त्याची फजिती. ‘शारदे’तला भुजंगनाथ ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवं काय सांगायचं? एवढंच लक्षात ठेवायचं की हे गाणं येतं तेव्हा नव्या नवरीने पास्क्वालेच्या थोबाडीत मारून झालेली असते. म्हणून मी स्नेह्यांना म्हटलं, “अहो, सत्तरीकडे झुकलेला माणूस आहे तो. घर लुटलं गेलंय, गाल लाल झालाय. त्याचा आवाज जरा फाटला तर बिघडलं कुठे?” ते म्हणाले, “फाटायचं असेल तर सुरात फाटावं.”

गाण्यातल्या उणिवांचे मी मनाशी नेहमी दोन ढीग करतो. एकात गायकाला जे जमलं नाही ते. दुसऱ्यात, दुसरं काही मिळवण्यासाठी त्याने जाणूनबुजून जे सोडलं ते. पहिला दोष, दुसरी किंमत. कानाला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून तर ऐकणाऱ्यांची भांडणं होतात. आणि या भेदाची कसोटी लागावी असं ठिकाण शोधायचं झालं तर ते हेच द्वंद्वगीत आहे.

त्याचा शेवटचा भाग म्हणजे एका सुराला एक अक्षर, आणि अक्षरांची रांग संपता संपत नाही. आवाज गोल, भरदार ठेवावा तर तोंडातली पोकळी मोठी ठेवावी लागते आणि जीभ मागे पडते. जीभ मोकळी सोडावी तर सूर बारीक होत होत बोलण्याच्या वेशीवर येतो. श्वासाला तर जागाच नाही. गायक ती चोरतो, कधी एखादं अक्षर गिळून. आधी पास्क्वाले एकटा, मग मालातेस्ता एकटा, मग दोघं एकदम, आणि तेही वेगवेगळे शब्द घेऊन. म्हातारा सुडाचे मनोरे रचत असतो, तर डॉक्टर आपल्याशीच म्हणत असतो की बिचाऱ्याला कल्पना नाही, सापळा त्याच्याच साठी लावलाय. इथे भरदारपणा आणि स्पष्टपणा दोन्ही पुरेपूर कोणाच्या पदरात पडत नाहीत. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने स्पष्टपणा घेतला आणि भरदारपणा सोडला. स्नेह्यांनी ‘सपोर्ट नाही’ म्हणून ज्याचे गुण कापले ती माझ्या लेखी किंमत होती.

त्यांनी मग दुसरा बाण काढला. म्हाताऱ्याने अक्षरंही गाळली होती, आणि गाळताना खोकल्याचा अभिनय केला होता. मी म्हटलं, बुवा, म्हातारा आहे, खोकणारच. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की विषय तिथेच थांबला.

थांबला, पण सुटला नाही. ‘म्हातारा आहे’ हा माझा हुकमाचा पत्ता होता, आणि तो नीट निरखायला घेतला तर खोटा निघतो. ‘डॉन पास्क्वाले’चा पहिला प्रयोग ३ जानेवारी १८४३ रोजी पॅरिसच्या तेआत्र इतालियाँमध्ये झाला. पास्क्वाले होता लुइजी लाब्लाश. वय ४८. नेपल्सचा, देहाने अवाढव्य, आणि त्या काळच्या युरोपातला बहुधा सर्वांत नावाजलेला बास. १८२७ साली बेथोव्हेन गेला तेव्हा व्हिएन्नात मोझार्टच्या ‘रेक्विएम’मध्ये गाणारा हाच, आणि व्हिक्टोरिया राणीला गाणं शिकवणाराही हाच. मालातेस्ता होता आंतोनियो ताम्बुरिनी, ताना-पलट्यांसाठी गाजलेला बॅरिटोन. आठ वर्षांपूर्वी, २४ जानेवारी १८३५ ला, याच संस्थेत याच दोघांनी बेल्लिनीच्या ‘ई पुरितानी’चा पहिला प्रयोग केला होता. त्यातही दोघांचं एक द्वंद्वगीत आहे: देशासाठी, स्वातंत्र्यासाठी मरायला निघालेल्या दोन पुरुषांचं, तुतारीच्या साथीने छाती फोडून गायचं. रोसिनीने म्हणे इटलीतल्या एका मित्राला लिहिलं की या गाण्याचं वर्णन करत नाही, तुला तिथवर ऐकू आलंच असेल.

म्हणजे देशासाठी गर्जना करायला जे दोन गळे वापरले, तेच दोनिझेत्तीने म्हाताऱ्याच्या फजितीसाठी घेतले. पॅरिसच्या प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांनी ती गर्जना ऐकलेली असणार. विनोदासाठी उतरलेला आवाज चालेल, ही सवलत त्याने कोणाला दिली नव्हती. ती पुढच्या नाटकधंद्याने घेतली. आवाज भरात असेपर्यंत बास गायकाने राजे, पुरोहित आणि सैतान करायचे, आणि उतरणीला लागला की पास्क्वाले किंवा ‘सेव्हिल्याचा न्हावी’मधला बार्तोलो, असं पुष्कळदा होत आलं आहे. बार्तोलोच्या वाट्याला रोसिनीने एक भलतीच लांब आणि जीभ पिळवटणारी आरिया दिली आहे. ऑपेरा रोममध्ये रंगमंचावर आला १८१६ च्या फेब्रुवारीत, आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या प्रयोगात ती काढून पिएत्रो रोमानी नावाच्या दुसऱ्याच संगीतकाराचं सोपं गाणं तिथे बसवलं गेलं. ती सोय पुढे कितीतरी काळ चालली. हसवायचंच तर आहे, एवढे कष्ट कशाला, हा विचार तेव्हापासूनचा आहे. स्नेह्यांपुढे ‘म्हातारा आहे’ म्हणणारा मी त्याच जातीचा.

खरं तर सूट द्यायचीच असेल तर ती शोकनाट्याला देता येते. ‘ला त्राव्हियाता’च्या शेवटच्या अंकात व्हिओलेत्ताचा आवाज थकला, सूर जरा कापला, तर आपण तो क्षयाच्या नावावर टाकतो. शोकनाट्य गायकाचं कर्ज स्वतःच्या खात्यावर घेतं. विनोदाचं असं खातं नसतं. वेगाच्या गाण्यात अक्षर गेलं की त्याबरोबर थट्टा गेली, आणि गेलेली थट्टा कोणतीही भावना भरून काढत नाही. खोकल्याचा अभिनय करून चोरलेला श्वास हा शेवटी चोरलेलाच श्वास. स्नेही लॅरिंक्सविषयी बोलत होते ते जाऊ द्या, पण गाळलेल्या अक्षरांविषयी त्यांना चिडायचा पूर्ण अधिकार होता, आणि हसून सोडून देणारा मी त्या गायकाला खालच्या पायरीवर बसवत होतो.

तरी त्यांच्या गोटात मी जात नाही. त्यांची गुणपत्रिका दोन रकान्यांची आहे: धाकटा इतका, म्हातारा इतका. एकटा गाणारा माणूस स्वरलिपीशी ताडून पाहता येतो. इथे दोन पुरुषी आवाज जवळजवळ एकाच उंचीवर वेगळे शब्द घेऊन धावत असतात. दोघांनीही आवाज भरला तर दोघांचेही शब्द जातात आणि नुसती गुरगुर उरते. कोणी तरी हलकं व्हावं लागतं, दुसऱ्याच्या व्यंजनाला वाट द्यावी लागते, एकाने श्वास घेतला तर ती फट दुसऱ्याने झाकावी लागते. हे कौशल्य कोणाच्या गळ्यात राहतं? कोणाच्याच नाही, दोघांच्या मधे कुठेतरी असतं. धाकट्याचे शब्द आपल्याला इतके लख्ख ऐकू आले याचं श्रेय म्हाताऱ्याच्या बारीक आवाजाला असू शकतं, आणि रकान्यांच्या पद्धतीत त्याच कारणासाठी एकाला बढती मिळाली आणि दुसरा नापास झाला.

आता लॅरिंक्सविषयी, कारण हा शब्द ऐकला की मला गार्सिया आठवतो आणि मग राहवत नाही. मानुएल गार्सिया, धाकटा. थोरला मानुएल हा ‘न्हाव्या’तला पहिला काउंट आल्माव्हिव्हा. १८२५ च्या नोव्हेंबरात हे कुटुंब न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरात ‘न्हावी’ घेऊन उतरलं. वडील काउंट, आई बेर्ता, बहीण मारिया रोझिना (हीच पुढची मालिब्रान), आणि विशीतला हा मुलगा फिगारो. म्हणजे पैशाच्या आशेने फिगारोचं डोकं कसं धावतं ते सांगणारं पहिल्या अंकातलं द्वंद्वगीत तो आपल्या वडिलांबरोबर गायला! पगार कोण देत होतं हे लक्षात घेता ते त्याला चांगलंच रंगवता आलं असेल. पण पुढे थोड्याच वर्षांत त्याचा आवाज खचला आणि तो शिक्षक झाला. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या स्वरतंतूंची उघडझाप पाहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. घशाच्या डॉक्टरांनी त्याला डोक्यावर घेतलं, तो शंभर वर्षांचा झाला तेव्हा त्याचा सत्कार केला. १९०६ साली १०१ व्या वर्षी तो गेला. त्याने आरसा धरून पाहिलं. आमचे स्नेही सोफ्यावर बसून पाहतात. कोणाचा लॅरिंक्स किती वर आहे हे कानाने ओळखणारे जाणकार असतात, मी नाकारत नाही. पण मुद्रणात माईक गायकाच्या जवळ असताना त्याच्या आवाजाची फेक कमी आहे, असं ठामपणे सांगणाऱ्या कानसेनांवर माझा विश्वास जरा कमीच बसतो.

मात्र ही भाषा आली कुठून, याचा विचार करताना मला स्नेह्यांपेक्षा पडद्यावरच्या ओळी जास्त दोषी वाटू लागल्या आहेत. १९८३ साली टोरोंटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ‘एलेक्त्रा’च्या प्रयोगात रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी झळकवल्या, आणि थोड्याच काळात ही सोय जगभर पसरली. घरच्या पडद्यावर त्या खाली येतात, एवढाच फरक. मला इटालियन येत नाही, तेव्हा त्यांच्यामुळेच मी हसलो हे उघड आहे. पण मी कधी हसलो? ओळ वाचून झाली तेव्हा. पास्क्वाले त्या वाक्याच्या अर्ध्यावरही पोचलेला नव्हता. मी त्याच्या आधी हसलो आणि तो माझ्या हसण्यात गात राहिला.

म्हणजे शब्द त्याच्या तोंडून काढून घेतले गेले होते. ज्या एका गोष्टीसाठी त्याने भरदारपणा सोडला ती मला त्याच्याकडून नकोच होती, पडद्याने ती फुकट दिली होती. मग त्याच्याकडे उरलं काय? आवाज. आणि उरलेल्या गोष्टीला प्रेक्षक गुण देणारच: दमसास कसा, कंप किती, सूर मागून येतो की पुढून. लाब्लाशसमोर बसलेल्या, इटालियन जाणणाऱ्या प्रेक्षकाला हसायचं असेल तर लाब्लाशच्या ओठांवर अवलंबून राहावं लागत होतं. त्याचं मत तंत्राविषयीच होतं, फक्त ते हसण्यातून बाहेर पडत होतं, योग्य अक्षरावर किंवा कुठेच नाही. स्नेह्यांचा लॅरिंक्स आणि माझे पुसलेले डोळे या दोन्हींत ते मत नव्हतं. आम्ही दोघंही त्या गायकाला बाजूला ठेवूनच बसलो होतो.

या गाण्याला पुष्कळ ठिकाणी वन्स मोअर मिळतो. दोघं पडद्यापुढे येऊन शेवटचा भाग पुन्हा गातात, अनेकदा आणखी वेगाने. आपल्या नाट्यसंगीतात वन्स मोअर मागितला की गायक नवी जागा दाखवील अशी आशा असते. इथे नवं काही यायचं नसतं. स्वर तेच, अक्षरं तीच. पण अर्थ एव्हाना कळलेला असतो, डोळे ओळींवरून सुटून गायकांच्या तोंडाकडे गेलेले असतात, आणि हसू या वेळी अक्षरांच्या मागून येतं. म्हणून या गाण्यातल्या गायकांविषयी मत बनवायचंच असेल तर ते दुसऱ्या फेरीवरून बनवावं, असं मला आता वाटतं. दम पहिल्या फेरीतच खर्च झालेला असतो, गिळलेलं अक्षर लगेच कळतं आणि खोकला एकदाच चालतो.

स्नेह्यांना हे बिलकूल मान्य नाही. त्यांच्या मते ही पुनरावृत्ती म्हणजे दमलेल्या गळ्यावर अत्याचार आहे, तिच्यावरून कोणाला गुण देणं अन्यायाचं आहे, आणि शेवटी गायकही माणूसच, थोडी सूट द्यायला हवी. मी सूट द्यायला तयार नाही.