टेप न लावता कल्टार?

उभा राहा, आणि आधी एवढंच सांग: आंब्याच्या कलमाचा घेर मोजलास का? नाही. गेल्या वर्षी फळ भरपूर धरलं म्हणून यंदा अंदाजाने दुप्पट कल्टार ओतलंस. तेही थेट बुंध्याशी. शेणखत मात्र एका कलमालाही नाही!

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, ते खत नव्हे. झाड स्वतः जिबरेलिन तयार करतं, त्याच्या जोरावर पालवी लांबते. हे रसायन ती निर्मितीच रोखतं. वाढ अडते, म्हणून डोळा पालवीऐवजी मोहोराकडे वळतो. झाडाची वाढ अडवण्याचं काम अंदाजाने करतात? दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस तोंडपाठ म्हणून दाखवलीस परीक्षेत. घेराचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर व्यास मोजायचा, सरासरी काढायची, मीटरला ३ मिलि. म्हणजे ८ मीटर व्यासाला २४ मिलि. पाण्यात मिसळून, बुंधा आणि घेराची कड यांच्या मध्यावर २५-३० छोट्या खड्ड्यांत सारखं वाटून. कलम दहा वर्षांच्या वरचं आणि निरोगी हवं. १५ जुलै ते १५ ऑगस्ट हीच वेळ, कारण तेव्हा जमिनीत ओल असते, तंतुमुळं कामात असतात, आणि हे औषध मुळांतूनच वर चढतं.

आता बागेत जाऊन बघ. पेरं आखडली आहेत, मोहोर गुच्छासारखा दाटला आहे. त्यात तुडतुडे लपतात, भुरी वाढते, फवारा आत पोचत नाही. मातीतलं औषध इतक्यात जाणारही नाही, पुढची पालवीसुद्धा खुरटी येईल. आणि बाग तुझी नाही. तू ती कराराने घेतली आहेस. करार संपला की तू मोकळा, पण ज्यांनी कातळात सुरुंग लावून, माती वाहून ती कलमं जगवली, त्यांनी काय करायचं? याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

शिवाय नोव्हेंबरात दुकानातून आणलेलं टॉनिक फवारलंस. लेबल वाचलंस? त्यात जिबरेलिक आम्ल आहे. जे खालून रोखलंस तेच वरून दिलंस! हापूसला ते देतात, पण मोहोर फुलल्यावर, पुनर्मोहोर येऊन आधीची कणी गळू नये म्हणून. ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम, तेही आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून. मोहोराच्या आधी दिलं तर पालवीच फुटणार.

पुढच्या पावसाळ्यात त्या बागेत कल्टारचा थेंब पडता कामा नये. जूनमध्ये कलमामागे ५० किलो शेणखत घाल, रासायनिक खतही चुकवू नकोस, वाळलेल्या फांद्या काढून कापांना बोर्डो पेस्ट लाव. खर्च तुझा. आज संध्याकाळी मालकांकडे जा, कुठल्या कलमाला किती घातलंस ते कागदावर लिहून त्यांच्या हातात दे, आणि उद्या सकाळी टेप घेऊन मला बागेतच भेट.