हॅम्बुर्गच्या रात्री आणि अपूर्वाचा प्रश्न

कर्म क्षणात संपते आणि फळ मात्र पुष्कळ काळाने मिळते, तेव्हा या दोहोंना जोडणारा दुवा कोणता, हा पूर्वमीमांसेचा, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचा, एक मूलभूत प्रश्न आहे. आहुती जळून जाते, ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, घरी परततात, आणि स्वर्ग तर यजमानाच्या मृत्यूनंतरचा. म्हणून यज्ञातून एक अदृश्य सामर्थ्य उत्पन्न होते व फळ हाती येईपर्यंत ते टिकून राहते असे मीमांसकांनी मानले आणि त्याला ‘अपूर्व’ असे नाव दिले. शंकराचार्यांना हे अचेतन सामर्थ्य पुरेसे वाटले नाही आणि ब्रह्मसूत्रभाष्यात त्यांनी फळ देण्याचे काम ईश्वराकडे सोपवले. हा वाद आज केवळ पंडितांचा वाटत असला, तरी यशस्वी कलावंतांच्या उमेदवारीविषयी जे लिहिले जाते त्यात अपूर्वाची कल्पना नाव न घेता वावरत असते, आणि बीटल्स या लिव्हरपूलच्या रॉक बँडबाबत ती विशेष ठळकपणे दिसते.

ऑगस्ट 1960 मध्ये जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, स्टुअर्ट सटक्लिफ आणि पीट बेस्ट हे पाच तरुण हॅम्बुर्गच्या सेंट पाउली या बदनाम वस्तीतील इंद्रा क्लबमध्ये वाजवू लागले. रोज रात्री चार-साडेचार तास आणि आठवड्याच्या शेवटी सहा तासांपर्यंत वाजवायचे, आणि झोपायचे ते बांबी किनो या चित्रपटगृहाच्या पडद्यामागील अडगळीच्या खोलीत, असा तो क्रम होता. हॅरिसन तेव्हा अवघा 17 वर्षांचा होता आणि वय कमी असल्याचे उघड होताच त्याला नोव्हेंबरमध्ये देशाबाहेर काढण्यात आले. पुढे 1961 व 1962 मध्ये बँड पुन्हा तेथे गेला. दरम्यान 1 जानेवारी 1962 रोजी डेक्का कंपनीने घेतलेल्या चाचणीत त्याला नकार मिळाला, आणि 5 ऑक्टोबर 1962 रोजी प्रसिद्ध झालेली पहिली ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या यादीत 17 व्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

माल्कम ग्लॅडवेल यांनी 2008 मधील आपल्या पुस्तकात या रात्रींचे तास मोजून त्यांना यशाचे कारण ठरवले, आणि तो हिशेब लोकप्रियही झाला. मात्र ऑक्टोबर 1960 पासून कायझरकेलर या क्लबमध्ये बीटल्ससोबत आळीपाळीने वाजवणारा रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स हा बँड तितकाच राबत होता, लिव्हरपूलमध्ये तेव्हा अधिक नावाजलेलाही होता, आणि तरीही त्याला ते यश कधीच लाभले नाही. जेथे दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे, प्रयोजन सापडते तेथे अदृष्टाची कल्पना करू नये, हा मीमांसकांचाच दंडक येथे उपयोगी पडतो: हॅम्बुर्गने दम दिला, गाण्यांचा साठा वाढवला, एकमेकांचा अंदाज घेण्याची सवय लावली, आणि हे सारे त्या वादकांना तेथेच, त्याच महिन्यांत मिळाले. कीर्ती ही त्याच कष्टांची साठवलेली ठेव होती असे म्हणणे म्हणजे वेदाच्या आधाराशिवाय अपूर्व मानणे होय, आणि मीमांसक त्याला खचितच तयार झाले नसते.

त्याहून बिकट प्रश्न फळाच्या मालकीचा आहे. सामान्य यज्ञात ऋत्विज दक्षिणा घेऊन मोकळे होतात आणि फळ यजमानाचे असते. परंतु ‘सत्र’ नावाच्या दीर्घ यज्ञात किमान सतरा जण स्वतःच ऋत्विज आणि स्वतःच यजमान असतात, तेथे दक्षिणा नसते व फळावर सर्वांचा हक्क असतो. उमेदवारीतील बँड हा पगारी वाद्यवृंदापेक्षा सत्राच्या जवळचा असतो. सत्र चालू असताना एखादा यजमान गळाला तर संख्या भरून काढण्यासाठी दुसरा आणावा, मात्र तो केवळ काम करणारा असतो, फळाचा स्वामी नव्हे, असा निर्णय पूर्वमीमांसेचा सूत्रकार जैमिनी याच्या सूत्रांत आहे. बीटल्सच्या बाबतीत नेमके उलट घडले. सटक्लिफ चित्रकलेसाठी 1961 मध्येच बाजूला झाला आणि एप्रिल 1962 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने वारला. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ध्वनिमुद्रणासाठी बेस्टचे ड्रमवादन पसंत पडले नव्हते. 16 ऑगस्ट 1962 रोजी व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी त्याला बँडमधून काढल्याचे सांगितले आणि रिंगो स्टार त्याच्या जागी आला. रिंगोनेही हॅम्बुर्गच्या रात्री जागवल्या होत्या, पण त्या रोरी स्टॉर्मच्या बँडमध्ये. म्हणजे एका सत्रातील श्रमांवर दुसऱ्या सत्राचे फळ, आणि तेही पूर्ण वाट्याने. याला अन्याय म्हणावे, तर आधी कष्ट आणि कीर्ती यांच्यात एक न्याय्य हिशेब होता असे गृहीत धरावे लागते, आणि तोच तर सिद्ध व्हायचा आहे.

1995 मध्ये बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा ‘अँथॉलॉजी 1’ हा संग्रह निघाला. त्यात डेक्काच्या त्या अयशस्वी चाचणीसह बेस्टचे वादन असलेली काही गाणी होती, आणि त्याला त्यांची भरघोस रॉयल्टी मिळाली. कर्म आणि फळ यांच्यामध्ये तीस वर्षांहून अधिक काळ गेला होता, परंतु मधल्या काळात टिकून राहिली होती ती ध्वनिफीत, आणि पैसे आले ते कराराच्या कायद्याने. हॅम्बुर्गमध्ये कोणी ध्वनिमुद्रित न केलेल्या शेकडो तासांसाठी त्याला क्लबमालकाने दिलेल्या मजुरीपलीकडे काहीही मिळाले नाही.