‘नाही’ ऐकून घेणारी शाळा

बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि 20 ऑगस्ट 2024 रोजी संतापलेले पालक रेल्वे रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारने शाळांना सीसीटीव्ही बसवायला आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करायला सांगितलं. हे सगळं हवंच होतं. पण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलांच्या ओळखीचे असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. शेजारचा दादा, आत्याचा नवरा, शिकवणीचे सर यांच्यावर कुठला कॅमेरा रोखणार? तिथे मुलाजवळ असते ती त्याची समज, घडलं ते सांगण्याची भाषा आणि ज्याला सांगायचं त्या माणसावरचा भरवसा.

शाळा आज यातलं काय देते? बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदा सत्र होतं. पहिली ते चौथीची मुलं सभागृहात मांडी घालून बसतात, पडद्यावर ‘गुड टच, बॅड टच’ची चित्रफीत लागते. ताई विचारतात, ‘कुणी नको तिथे हात लावला तर काय म्हणायचं?’ सगळी मुलं एका सुरात ओरडतात, ‘नाऽऽही!’ फोटो निघतात, अहवाल जातो. पुढच्याच तासाला वही विसरलेल्या पोराचा कान पिळला जातो, आणि त्याने हात झटकला तर ते उद्धटपण ठरतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मारण्याला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, तरीही. घरी आलेल्या काकांना पापी द्यायला पोर कां-कू करू लागलं की आईच म्हणते, ‘असं करतात का? काका रागावतील!’ मोठ्यांच्या मर्जीपुढे आपल्या अंगाची नाखुशी गिळायची, हा धडा मूल रोज गिरवतं. मग ऐन प्रसंगी त्याच्या तोंडून ‘नाही’ निघावं, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

मुलामुलींनी एकमेकांशी कसं वागावं, याचंही तेच. दंगा करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्या रांगेत बसवायची चाल अजून गेलेली नाही. तो मान खाली घालून बसतो, वर्ग खिदळतो. मुलींजवळ बसणं ही नामुष्की आहे, एवढं त्या पाच मिनिटांत चाळीस पोरं शिकतात. मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर ‘स्त्री-पुरुष समानता’ लिहून ते पुसलं जात नाही. दुसरीतली मुलगी ‘माझी वेणी ओढू नको’ म्हणते तेव्हा ‘अगं, गंमत करतोय तो’ असं म्हणणाऱ्या बाईंनी तर तिचा नकार आणि त्याची जबाबदारी दोन्ही एका वाक्यात निकालात काढलेले असतात.

या विषयातली आपली टाळाटाळ जुनी आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते, आणि बहुतेकांनी तो कुणालाच सांगितला नव्हता. त्याच वर्षी संस्कृती बिघडेल म्हणून महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. तो कार्यक्रम किशोरवयीनांचा होता हे खरं. पण त्या ओरड्याची धास्ती प्राथमिकच्या शिक्षकांच्या मनातही घर करून राहिली. वर्गातल्या ‘आपले शरीर’ या तक्त्यावर नाक, कान, पोट, गुडघा असतात आणि पोटाखालून बाण थेट मांडीवर जातो. ज्या अवयवाचं नावच घेता येत नाही, तिथे काय झालं हे मूल सांगणार कसं?

स्पर्श ‘चांगला’ की ‘वाईट’ हे ओळखण्याचा भारही सहा वर्षांच्या मुलावर टाकू नये. गोड बोलून, चॉकलेट देऊन केलेला स्पर्श त्याला वाईट वाटेलच असं नाही. त्यापेक्षा सरळ नियम सांगावा. चड्डीच्या आतल्या भागांना अंघोळ, स्वच्छता किंवा दुखणं एवढ्याच कारणांनी, विश्वासातल्या मोठ्यांनीच हात लावायचा; आणि कुणी ‘हे आपलं गुपित’ म्हणालं तर ते लगेच सांगायचं. शिवाय, नाही म्हणता आलं नाही तरी चूक तुझी नव्हे, हे त्याच वेळी सांगायला हवं. नाहीतर गप्प राहिलेलं मूल आपणच चुकलो असं समजून आणखी गप्प होतं.

मूल बोललं की कसोटी मोठ्यांची. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, ती दडपणं हा गुन्हा आहे. याच कायद्याखालच्या 2020 च्या नियमांनी मुलांसाठी वयानुरूप अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. पण मुलगी मधल्या सुट्टीत पदर धरून काहीतरी पुटपुटते, तेव्हा तिला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, मुख्याध्यापकांपुढे उभं करून वदवून घ्यायचं नाही, 1098 या बालमदत क्रमांकावर मदत मागायची, हे बाईंना कुणी शिकवलं आहे? निवडणुकीच्या कामांसाठी शिक्षकांची प्रशिक्षणं वेळेवर होतात. या प्रशिक्षणालाही तेवढाच सक्तीचा दिवस मिळाला पाहिजे. आणि पालकसभेला वडिलांनाही बोलावलं पाहिजे. आज ती बहुतेक ठिकाणी आयांचीच सभा असते.