अन्नविक्रय की अन्नसेवा?

अन्नदान श्रेष्ठ, याविषयी शास्त्रांचे आणि संतांचे एकमत आहे. परंतु जो अन्न शिजवितो, वाढतो आणि त्याचे दाम घेतो, त्याची गती कोणती? सोलापुराकडील खानावळवाले माळकरी कीर्तनानंतर आम्हांस हा प्रश्न विचारतात. त्यांचा सारा प्रपंचच त्यावर उभा आहे. वरवरचे उत्तर देऊन भागायचे नाही.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. आपत्काळी व्यापार करणाऱ्या ब्राह्मणाने जे जिन्नस विकू नयेत, त्यांत मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने शिजविलेले अन्नही घातले आहे. मग खानावळवाल्याने माळ घालावी तरी कशी?

आता उत्तर ऐका. तो निर्बंध एका वर्णाच्या आपद्धर्मापुरता. तो सर्वांच्या गळ्यात बांधता येत नाही. शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याला तपाचा गर्व झाला, तेव्हा त्याला धर्म शिकायला काशीच्या तुलाधार वाण्याकडेच जावे लागले. आमचे तुकोबारायही वाणीच. तेव्हा दोष विकण्यात नाही. तो मापात आणि मनात असतो.

सोलापुरातच पाहा ना! येथे गिरण्या निघाल्या, माग वाढले, गावोगावचे आणि तेलंगणाकडचे लोक पोटासाठी आले. ज्याच्या घरी चूल नाही, त्याला ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी खानावळीने दिली. सासू भाकरी थापते, सून वाढते, मुलगा गल्ल्यावर बसतो; असे पिढ्यान् पिढ्या चालते. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. दाम मोजून जेवणारा ताठ मानेने उठतो. हेही पुण्यच की!

पण परीक्षा पुढेच आहे. गिरण्या बंद पडतात, पगार थांबतो, वहीतली उधारी वाढते. मग त्या माणसाचे ताटही थांबवावे काय? सगळेच फुकट वाढले तर चूल विझेल, आणि उद्याचा भुकेला उपाशी जाईल. म्हणून आम्ही म्हणतो, ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून रास्त दाम घ्यावे. ज्याच्यापाशी नाही त्याला वही न दाखविता वाढावे. आणि जात तर मुळीच विचारू नये. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने उपाहारगृहातली ती आडकाठी मोडली. वाळवंटातल्या काल्याने तर ती केव्हाच मोडली होती.

शेगावची पालखी सोलापुरातून पंढरीस जाते, त्या दिवशी पंगत घालणे सोपे आहे. उरलेले दिवस भाकरी लहान न करणे, आमटीत पाणी न वाढविणे, ही खरी वारी.

आणि वारकरी हो, जेवणाऱ्याचाही धर्म आहेच. ताटात टाकू नये, दाम बुडवू नये. वाढणाऱ्याने समोर विठ्ठल बसला आहे असे समजावे. जेवणाऱ्याने वाढणाऱ्या हातांत रखुमाई पाहावी. मग तेथे विक्रय कोठे उरला?