उपयुक्त पत्र कोणास म्हणावे?

ईमेलचा नवा प्रोग्राम प्रथमच हाताळू लागणाऱ्या मनुष्याची स्थिती नव्या बिऱ्हाडात पहिल्या दिवशी स्वयंपाकास लागलेल्या गृहिणीसारखी होते. डबे सारे आहेत, परंतु कोणत्या डब्यात काय ठेवावयाचे हे अद्याप ठरावयाचे आहे. जुन्या प्रोग्राममध्ये ही व्यवस्था सवयीने आपोआप चालत होती. ती कोणत्या तत्त्वावर चालते, हा प्रश्न मनास शिवतही नव्हता. अपरिचित प्रोग्राम तो प्रश्न पुढे आणून ठेवतो. आलेल्या पत्रांतून उपयुक्त ती निवडून त्यांवर ठळक खूण करावयाची, हे काम वरवर कारकुनी दिसते खरे. पण 'उपयुक्त' म्हणजे कोणास उपयुक्त, एवढे विचारले की ते नीतीच्या प्रांतात येते.

'थंडरबर्ड' या प्रोग्राममध्ये पाच रंगीत खुणा तयारच मिळतात. 1 हा आकडा दाबला की पत्र 'महत्त्वाचे' ठरून तांबडे होते; 2 म्हणजे कामाचे, नारिंगी; 3 म्हणजे खासगी, हिरवे; 4 म्हणजे करावयाचे, निळे; आणि 5 म्हणजे नंतर पाहू, जांभळे. शून्य दाबले की साऱ्या खुणा पुसल्या जातात. या पाचांपैकी शेवटची खूण मनुष्यस्वभाव चांगला ओळखणाऱ्या कोणी योजिली असावी, असे आम्हांस वाटते. तिच्यामुळे पत्राकडे दुर्लक्ष होते, आणि लक्ष दिल्याचे समाधानही पदरात पडते!

'जीमेल'ने 1 एप्रिल 2004 रोजी अवतरताना निराळी पद्धत स्वीकारली. फोल्डरात घातलेले पत्र पेशवे दफ्तरातील रुमालात बांधलेल्या कागदाप्रमाणे एकाच ठिकाणी राहते. लेबलाचे तसे नाही. एकाच पत्रावर अनेक लेबले लावता येतात. वडिलांनी गावच्या जमिनीच्या कागदांविषयी लिहिले, तर ते पत्र 'घर' आणि 'व्यवहार' अशा दोन्ही नावांखाली सापडते. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र तिने ठावठिकाण्याचा प्रश्न सुटतो; आधी कोणाचे पत्र वाचावयाचे, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

तोही सोडविण्याचा पत्कर यंत्राने 2010 साली घेतला. आपण कोणास वारंवार लिहितो, कोणाची पत्रे उघडतो, कोणास उत्तर देतो, हे पाहून जीमेल महत्त्वाची पत्रे स्वतःच निराळी काढू लागले. जाहिरातींच्या लोंढ्यात सापडलेल्या मनुष्याने याबद्दल कृतज्ञ असावे, हे रास्तच आहे. दुकानदाराचे सवलतीचे पत्र मागे पडले म्हणून कोणावर अन्याय होत नाही. परंतु या पद्धतीचे मर्म पाहा: ती आपल्या कालच्या वर्तनावरून आजचे महत्त्व ठरविते. ज्या मावशीस आपण वर्षभर उत्तर दिले नाही, तिचे पत्र या हिशेबाने मागे पडण्याचाच संभव अधिक. मागे पडले म्हणजे पुन्हा अनुत्तरित राहावयाचे, आणि तेवढ्याने पुढचे पत्र आणखी मागे. ज्याची उपेक्षा झाली त्याची उपेक्षाच वाढत जावी, हा नियम कोणी शहाणा मनुष्य मुद्दाम लिहून काढणार नाही. तो आपल्या हातून न लिहिताच लिहिला जातो.

म्हणूनच फिल्टर आणि यंत्राचा असा अंदाज यांत आम्ही भेद करतो. 'शाळेच्या पत्त्यावरून आलेल्या प्रत्येक पत्रावर तारा लावावा', असा फिल्टर आपण लिहिला असेल, तर तो आपला नियम असतो. वाचता येतो, बदलता येतो. अंदाज चुकला तर जीमेलमध्येही पत्रापुढील पिवळ्या खुणेवर टिचकी मारून तो दुरुस्त करता येतो. पण त्यासाठी मागे पडलेल्या पत्रांकडे मुद्दाम जाऊन पाहावे लागते, आणि ती मागे पडलेली असतात तीच न पाहण्यासाठी.

यावर कोणी म्हणेल की, शोधण्याची सोय असता खुणांचा एवढा खल कशास? परंतु शोधावयास काय शोधावयाचे ते आठवावे लागते. विसरलेल्या मनुष्याचे नाव कोणी टंकित करीत नाही. शिवाय उपयुक्तता ही पत्राच्या अंगी कायमची चिकटलेली नसते. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड काढला, तेव्हा जे कागद जुन्या घराण्यांना निरुपयोगी वाटत होते, तेच इतिहासाच्या उपयोगी पडले. एवढ्यावरून सारेच कागद जपावेत असा उपदेश आम्ही करीत नाही. तेवढी जागा यंत्रात असली, तरी तेवढे लक्ष मनुष्यापाशी नसते.

थंडरबर्डमध्ये त्या पाचांखेरीज आपल्या पसंतीच्या नावाच्या खुणाही करता येतात. आम्ही तेथे 'ऋण' नावाची एक तपकिरी खूण करून घेतली आहे. आपला कसलाही उपयोग साधत नाही, पण लिहिणारा उत्तराची वाट पाहत असेल, अशी पत्रे तीत घालावयाची. आज तीत चार पत्रे आहेत. त्यांतले सर्वांत लहान तीन ओळींचे आहे, आणि त्यात प्रकृती कशी आहे एवढेच विचारले आहे.